एक गुलाब, एक थाप आणि उरलेली मालमत्ता

मी, रोपवाटिकेच्या फाटकावरच्या पाटीवर जिचं नाव आहे तीच, वय सत्त्याहत्तर पूर्ण, व्यवसाय रोपं वाढवणं आणि गिऱ्हाइकांना नको असताना खरं सांगणं, आज माझ्या स्वतःच्या हाताने, कोणीही मागे उभं नसताना, हे लिहून ठेवते. हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. याआधी बोलता बोलता मी कोणाला काही कबूल केलं असेल तर ते विसरून जावं. बोलताना मी फार उदार असते.

माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला वार विचारला, महिना विचारला, आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितलं. मी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं खाली येत येत त्यांच्या खिडकीतल्या कुंडीत बोट घातलं आणि म्हटलं, "डॉक्टर, हिला पाणी जास्त होतंय." त्यांनी तिथल्या तिथे सही केली.

वकीलबाईंनी आधी एक मसुदा टाइप करून आणला होता. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. सगळं बरोबर होतं, पण वाचताना मला मी कुठेच भेटले नाही. मी तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मावशी, कायद्याला एवढंच लागतं." मी म्हटलं, "कायद्याला लागत असेल. माझ्या माणसांना एवढ्यावर कळायचं नाही." तेव्हा असं ठरलं की मोजमापं, नंबर आणि नावं त्यांनी टाइप करून मागे जोडायची आणि कोणाला काय व का, हे मी लिहायचं. तेच आता लिहिते.

पहिलं. माझं राहतं घर, म्हणजे तीन खोल्या, मागचा ओटा आणि ओट्यापलीकडची केळ, माझ्या मुलाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. झाडांच्या बाबतीत मात्र त्याच्या डोक्यात काहीही शिरत नाही. त्याच्या लग्नानंतर लगेचची गोष्ट. त्याने कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला खिडकीच्या गजाला आणि दुसऱ्या टोकाला केळीला बांधली. मी म्हटलं, "अरे, ते झाड नाही." तो म्हणाला, "आई, माझ्या मांडीएवढं खोड आहे, झाड नाही तर काय खांब आहे?" दुपारी चार ओल्या चादरींसकट केळ आडवी झाली. तेव्हा सांगितलं होतं, आता लिहून देते: केळ ही उंच वाढलेली एक पालेभाजीच समज. खोड म्हणून जे दिसतं ते पानांचे देठ एकात एक गच्च गुंडाळलेले असतात, आत लाकूड औषधालाही नसतं. ती एकदाच घड देते. घड उतरला की तिचं काम संपलं. तिला कापायचं आणि बाजूला जे कोंब वर आलेले असतात, ज्यांना आम्ही मुनवे म्हणतो, त्यातला एक तगडा ठेवायचा. कापताना हळहळत बसायचं नाही. हे मी केळीबद्दल लिहिते आहे, पण माझ्याबद्दल वाचलंस तरी चालेल.

दुसरं. माझी रोपवाटिका दोन भागांत आहे. विहिरीकडची बाजू खायच्या झाडांची, रस्त्याकडची बाजू फुलांची. यातली विहिरीकडची खायची बाजू, गल्ल्याचं टेबल, वजनकाटा, पायाखाली दगड घालून सरळ केलेली बाकं आणि बँकेतली माझी सगळी ठेव, हे माझ्या सुनेला. मुलाने तोंड वाकडं करू नये. त्याला घर दिलं आहे आणि सून त्याच घरात राहते.

ही मुलगी आमच्याकडे आली तेव्हा दाताच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायची. पुदिना आणि तुळस तिला वास घेतल्याशिवाय ओळखता येत नव्हती. पण घाबरलेल्या माणसाशी कसं बोलावं हे तिला येत होतं, आणि रोपवाटिकेत येणारं अर्धं गिऱ्हाईक घाबरलेलंच असतं. दर वर्षी एक तरी गृहस्थ येऊन सांगतो की भोपळ्याला फुलं येतात आणि नुसती गळून जातात, वेलाला रोग लागला, औषध द्या. पूर्वी मी अशांना झापायची. ही त्यांना खुर्ची देते, पाणी देते आणि हळूच सांगते, "काका, ही पहिली फुलं नराची. त्यांना फळ धरायचं नसतंच. ती आधी येतात, थोडे दिवस मिरवतात आणि पडतात. ज्या फुलाच्या मागे छोटासा भोपळा आधीच दिसतो ना, ते मादीचं. ते आठ-दहा दिवसांनी येईल. तोवर ही पडणारी फुलं पिठात बुडवून तळून खा." गृहस्थ औषध न घेता घरी जातो आणि पुढच्या वेळी बायकोला घेऊन येतो. त्या बाईला नवरा कोणत्या फुलांसारखा आहे हे कळलेलं असतं आणि ती हसत चार रोपं जास्त घेऊन जाते. असा धंदा मला पन्नास वर्षांत जमला नाही.

तिसरं. हमीकाकांना पपईची तीन रोपं, एकाच कुंडीत, कसलीही हमी न देता.

हमीकाका म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले ते गृहस्थ, जे कोथिंबिरीच्या जुडीचीही हमी मागतात. त्यांना पपईचं मादीचं रोप हवं होतं आणि तसं कागदावर लिहून हवं होतं. पपई फुलावर येईपर्यंत नर की मादी हे नुसतं बघून कोणालाही कळत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याला तर मुळीच कळत नाही. म्हणूनच आम्ही एका खड्ड्यात तीन लावायला सांगतो. फुलं आली की बघायचं, मादी ठेवायची, आणि मोठी बाग असेल तर आठ-दहा माद्यांमागे एखादा नर. हमीकाकांनी हट्टाने एकच नेलं. ते नर निघालं. लांब लांब दांड्यांवर फुलांच्या झुंबरांशिवाय काही नाही. दोन वर्षं त्यांनी माझा नमस्कार घेतला नाही. मग एका कडक उन्हाळ्यात त्याच नराला त्याच लांब दांड्यांवर पपया लोंबायला लागल्या, कारण पपईचा नर हवा बदलली की कधीकधी विचारही बदलतो. मला वाटलं आता तरी खूश होतील. ते दुसऱ्या दिवशी दारात हजर. "तुम्ही तर म्हणाला होतात नर आहे! मग ही फळं कशी?" काका, मी गेल्यावर तुम्हाला तक्रार करायला कोणी उरणार नाही म्हणून ही तीन रोपं. सूनबाईकडून घेऊन जा. बरोबर एक चिठ्ठी आहे, तिच्यावर लिहिलं आहे: काहीही होऊ शकतं. खाली माझी सही आहे.

चौथं. रस्त्यापलीकडच्या रोपवाटिकेच्या मालकाला, ज्याला आमच्या घरात सगळे नुसतं 'समोरचा' म्हणतात, तुरटीचा एक डबा, अर्धा भरलेला.

याने एके वर्षी निळ्या हायड्रेंजियाची रोपं 'खास जात' म्हणून चढ्या भावाने विकली. लोकांनी घरी नेऊन लावली आणि पुढच्या बहराला सगळी गुलाबी. लोक त्याच्याकडे भांडायला गेले आणि तिथून रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. त्यात खास काही नसतं. तेच झाड आंबट मातीत निळं फुलतं आणि चुनखडीच्या मातीत गुलाबी. आपल्या भागातल्या मातीत चुना इतका आहे की इथे निळं राहायचं तर कुंडीत थोडी तुरटी विरघळवून घालत राहायला हवी. मी ते सगळ्यांना फुकट सांगितलं, आणि मोठ्या आवाजात सांगितलं, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल. तो डबा तेव्हाचा आहे. पण याच माणसाने आमचा पंप जळला तेव्हा न मागता स्वतःची नळी रस्त्यावरून आमच्याकडे टाकली आणि अकरा दिवस पाणी दिलं. त्याबद्दल मी त्याचे आभार मानले नाहीत, कारण मग डब्याची मजा गेली असती. ते आता मानते. डबा मात्र घ्यायचाच.

पाचवं. काचेची एक बाजू असलेली भुईमुगाची पेटी गल्लीच्या टोकाच्या शाळेला. दर वर्षी तिसरीचा वर्ग आमच्याकडे येतो आणि दर वर्षी मी विचारते, शेंगा कुठे लागतात. अर्धी मुलं म्हणतात फांदीला, अर्धी म्हणतात मुळाला. मग मी काच पुसते. भुईमुगाचं पिवळं फूल वर, उजेडात येतं. ते वाळलं की त्याच्या बुडातून एक दोरा निघतो, खाली वाकतो, मातीत शिरतो, आणि शेंग तिथे अंधारात धरते. मागच्या वर्षी एका दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, "म्हणजे फूल वर आणि बाळ खाली? मग आईला बाळ दिसतं कसं?" मी काच पुन्हा पुसली. याचं उत्तर शिक्षकांना आलं तर त्यांनी द्यावं.

सहावं. मी गेल्यावर जे भेटायला येतील त्यांच्यासाठी. कोणी भाषण करू नये, आणि समोरच्याने तर नाहीच. सूनबाईने सगळ्यांना गोकर्णाच्या फुलांचा चहा द्यावा, काचेच्या पेल्यांत. तो शाईसारखा निळा असतो आणि लोक आधी पिणार नाहीत. मग प्रत्येकाच्या पेल्यात त्याच्या डोळ्यांसमोर लिंबू पिळावं. तो जांभळा होतो. पन्नास वर्षं बघते आहे, हे पाहून तोंड न उघडलेला माणूस मी पाहिलेला नाही. तेवढं झालं की मला पोचलं. कण्हेरीची फुलं शोभेला मांडली तर ती चहाच्या टेबलापासून लांब ठेवावीत, कारण कण्हेरीचं पान, फूल, काडी सगळंच विषारी असतं आणि त्या दिवशी घरात आणखी कोणी जायला नको.

सातवं. रस्त्याकडची फुलांची बाजू, तिथल्या कुंड्या, सावलीचं जाळं, गुलाबांची आळी, आणि कलमाचे डोळे भरायचा हस्तिदंती मुठीचा चाकू, हे सगळं माझ्या धाकट्या बहिणीला.

रोपवाटिका आम्ही दोघींनी सुरू केली, विटांच्या बंद भट्टीमागे, भाड्याच्या जागेवर. मी खायचं बघायची, ती फुलांचं. मला जे पोटात जात नाही त्यात रस नव्हता आणि तिला जे चार दिवसांत शिजून संपणार त्यात जीव ओतावासा वाटायचा नाही. गुलाब, सफरचंद आणि स्ट्रॉबेरी ही एकाच कुळातली चुलत भावंडं आहेत, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो की आम्ही सख्ख्या आहोत हेही पटायचं नाही. ती उंच आणि शांत. मी कशी आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

फुलांच्या बाजूला जे जे बघण्यासारखं आहे ते तिचं. फाटकाजवळ सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी आणि संध्याकाळी लाल होणारं ते जास्वंदीच्या कुळातलं झाड तिने लावलं. गुलबक्षीची रांगही तिची. ती चारच्या सुमाराला उमलते, म्हणून आमच्याकडे कामाला असलेल्या बायका घड्याळ न बघता हात धुऊन चहाला यायच्या. पण तिचं खरं काम गुलाबाचं. गुलाबाची चांगली जात बी पेरून मिळत नाही, कारण बीतून आईसारखं मूल येत नाही. म्हणून रानटी गुलाबाचं चिवट रोप घ्यायचं, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीला एक चीर द्यायची आणि चांगल्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा, नखाएवढा, त्या चिरेत बसवून पट्टीने बांधायचा. याला आम्ही डोळा भरणं म्हणतो. माझे शंभरातले साठ लागायचे. तिचे पंच्याण्णव. लांबलांबच्या रोपवाटिकांतून लोक तिचा हात बघायला यायचे.

एकोणीस वर्षांपूर्वी तिने तो चाकू खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. ती त्या वर्षी काम सोडून गेली आणि पुन्हा फाटकातून आत आली नाही. आज ती कापडाच्या दुकानात मीटर मोजते. आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर मिटलंही असतं. ती माझा रक्तदाब विचारते, मी तिचे गुडघे विचारते, आणि फोन ठेवतो. तिने हात का आखडला हे घरात सगळ्यांना अर्धंमुर्धं ठाऊक आहे. पूर्ण फक्त मला ठाऊक आहे.

आठवं. यात द्यायचं काही नाही, सांगायचं आहे.

त्या वर्षी तिच्या एका पांढऱ्या गुलाबाने एका फांदीवर वेगळंच फूल दिलं. पिकलेल्या जर्दाळूच्या रंगाचं, कडेला किंचित तांबूस. असं होतं कधीकधी. झाडाच्या एखाद्या फांदीला आपलं आपणच काहीतरी वेगळं सुचतं, आणि ते टिकवायचं तर त्याच फांदीचे डोळे घेऊन दुसऱ्या खुंटावर भरावे लागतात. हजारो झाडांमागे एकदा होतं. तिने ती फांदी कापली, तीन डोळे घेतले, तीन खुंटांवर भरले. दोन गेले, एक लागला. जगात त्या रंगाचं तेवढं एकच झाड होतं, आणि ते आमच्याकडे एका जुन्या तेलाच्या डब्यात होतं. तेवढ्यात तिच्या सासूबाई पडल्या, खुबा मोडला, आणि तिला अडीच महिने तिकडे जाऊन राहावं लागलं. जाताना मला म्हणाली, "ताई, डब्याकडे लक्ष ठेव गं." मी म्हटलं, "जा तू, मी काय नवीन आहे का?"

छाटणीचे दिवस होते. मी एका सकाळी दोनशे कुंड्या छाटायला घेतल्या आणि त्याच वेळी पंपवाला आला. त्याने पुन्हा तोच जुना वायसर बसवला होता. मी त्याच्याशी तावातावाने भांडत होते आणि कात्री चालूच होती. त्याला "तुला काय डोळे आहेत की नाही" असं म्हणता म्हणता मी तो डबा छाटला. हातातली काडी टाकणार तोच तिच्या बुडाला गाठ दिसली. जिथे डोळा भरतात तिथे गाठ येते. छाटायचं असतं गाठीच्या वर. मी गाठीच्या खाली छाटलं होतं. डब्यात उरला नुसता रानटी खुंट.

मी त्या काडीवरचे सगळे डोळे काढून दुसरीकडे भरले. ऊन फार होतं, माझा हात तसाही साठाचा. एकही लागला नाही. डब्यातला खुंट मात्र माजल्यासारखा वाढला. ती परत आली तेव्हा त्याला रानटी गुलाबासारखी एका देठावर सात-सात पानं आली होती आणि पाच पाकळ्यांची साधी पांढरी फुलं. ती डब्यासमोर उभी राहिली. मला खरं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "डोळा नीट लागलाच नव्हता गं. वरून हिरवा दिसत होता एवढंच. बांधताना पट्टी सैल राहिली असेल तुझी."

तिने आपल्या हातांकडे बघितलं, दोन्ही बाजूंनी.

त्यानंतर भरलेल्या डोळ्यांवरची पट्टी ती पुन्हा पुन्हा सोडून बघायला लागली, आणि सोडून बघितलं की डोळे मरतात. पंच्याण्णवाचे सत्तर झाले, सत्तराचे चाळीस. मोसम संपायच्या आत तिने चाकू पुसून खोक्यात ठेवला आणि म्हणाली, "माझा हात गेला, ताई." मी तेव्हाही गप्प बसले. तिचा हात गेला नव्हता. तो मी घालवला. मला याची लाज वाटते, आणि ती एकोणीस वर्षांत कमी झालेली नाही.

नववं. हे आठवं लिहून झाल्यावर मला फार हलकं वाटलं आणि मी ते वकीलबाईंना मोठ्या ऐटीत वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मावशी, हे त्या कधी वाचणार?"

"मी गेल्यावर."

"मग त्या भांडणार कोणाशी?"

एवढ्याशा पोरीने माझ्या वर्मावर बोट ठेवलं याचा मला इतका राग आला की मी तिला चहाही विचारला नाही. चार दिवस मी रोपांवर डाफरत हिंडले. पाचव्या दिवशी कागद पिशवीत घातले आणि कापडाच्या दुकानात गेले. धाकटी एका बाईंना पडद्याचं कापड मोजून देत होती. मी गल्ल्यासमोर उभी राहिले आणि आठवं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ती मोजत राहिली. त्या बाई कापड सोडून ऐकत राहिल्या. माझं वाचून झालं तेव्हा कात्री थांबली.

धाकटी म्हणाली, "साडेतीन मीटर हवं होतं यांना. पावणेचार कापलं गेलं तुझ्यामुळे."

"वरच्या कापडाचे मी देते."

"लिहून किती दिवस झाले?"

"पाच."

"आणि करून?"

"एकोणीस वर्षं."

तिने कापडाची घडी घातली. मोडली आणि पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा आता, ताई." त्या पडदेवाल्या बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "मावशी, पडदे थोडे लांब झालेलेच बरे."

त्याला आज आठ दिवस झाले. धाकटीचा फोन नाही. मी केला तर उचलत नाही. ती आली काय किंवा न आली काय, सातवं आहे तसंच राहील. रस्त्याकडची बाजू तिची आहे. ती तिथे रोपं लावो, कुलूप लावो किंवा समोरच्याला विकून टाको, कोणीही तिला त्याबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. आठवंही मी खोडत नाही. मला वाटलं होतं खरं सांगितलं की माणूस मोकळं होतं. तसं काही झालेलं नाही. रोज सकाळी फाटकाचा आवाज झाला की मी मान वर करते आणि दूधवाला असतो.

दहावं. वर ज्याचा उल्लेख राहिला असेल, किंवा ज्याचा वाटा कोणत्याही कारणाने बाद ठरला असेल, ते सगळं सुनेचं. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडायचं काम वकीलबाईंनी करावं. त्यांना मी तो चहा विचारला नव्हता, तोही सूनबाईने द्यावा.

साक्षीदारांबद्दल. वकीलबाईंनी बजावलं आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर मृत्युपत्र टिकतं पण त्याचा वाटा जातो. म्हणून पहिले साक्षीदार डॉक्टर आहेत आणि त्यांना मी काहीही ठेवलेलं नाही. दवाखान्याच्या भिंतीवरून आमच्या अंजिराकडे त्यांचा हात येतो तो तसाच येत राहावा. हे गृहस्थ मला वीस वर्षं सांगतात, "बाई, फुलं बघायची असतात, ती काय खायची?" आणि हे सांगताना त्यांच्या डब्यात फ्लॉवर असतो, चहात लवंग असते आणि हातात आमचं अंजीर असतं. डॉक्टर, फ्लॉवर म्हणजे न उमललेल्या फुलांचा गड्डा. लवंग म्हणजे वाळवलेली कळी. आणि अंजीर हे साधं फळ नाहीच, ती तोंड मिटलेली पिशवी आहे, तिच्या आत शेकडो फुलं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. तुम्ही माझ्या गावभरच्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त फुलं खाल्ली आहेत. दुसरे साक्षीदार कोपऱ्यावरचे बेकरीवाले. ते आज अकरा वाजता येतील. त्यांनाही काही ठेवलेलं नाही. त्यांना फुलांनी शिंका येतात, तेव्हा त्यांची तक्रार नसावी.

वरचा सगळा मजकूर माझा आहे, माझ्या अक्षरात आहे, आणि पुन्हा वाचून मला मान्य आहे. तो लिहिताना मला कोणी भरीस घातलं नाही. वकीलबाईंनी एक प्रश्न विचारला, तेवढाच.

स्थळ: रोपवाटिकेतली पत्र्याची खोली.
तारीख: मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५.
सही: (केली)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली. सही करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत आहे. अंजिरांबद्दलचा मजकूर मला मान्य नाही.
सही: (केली)

साक्षीदार दुसरे: ~~बेकरीवाले~~ सही करणारीची सख्खी धाकटी बहीण.

बेकरीवाले अकराला आले होते. त्यांना मी चहा देऊन परत पाठवलं. ताईने सही माझ्यासमोर केली. रडत होती, पण शुद्धीत होती. रडता रडता मलाच म्हणाली की पेन नीट धर. मी इथे सही केली की सातवं बाद होतं आणि ती बाजू सूनबाईकडे जाते, हे वकीलबाईंनी मला दोनदा समजावून सांगितलं. जाऊ दे. ती पोर चांगली आहे. ताईच्या माघारी मला काहीही नको. एकोणीस वर्षं मी माझ्या हाताला दोष दिला, त्याचा राग मला आहे आणि तो काढायला मला ती समोर लागते. आठ दिवस लागले कारण दुकानात माझ्या जागी माणूस मिळत नव्हता. आज सकाळी साडेसातपासून मी इथेच आहे, मागच्या दाराने आले. बारा खुंटांवर बारा डोळे भरले. पहिल्या तीन डोळ्यांना हात थरथरला, मग नाही. लागले की नाही ते एकवीस दिवसांनी कळेल. तोवर ताईने मरायचं नाही.
सही: (केली)